जमा आणि नावे

वहीच्या डाव्या पानावर जमा,
उजव्या पानावर नावे.
चौतीस वर्षं गिरणीत हजेरी मांडली,
हा शब्द कधी अडला नाही.
आता अडतो.
कारण नाव म्हणजे ती,
हिप्परग्याच्या तळ्याकाठी पालथी घातलेली,
फायबरची, पोटाला दोन ठिगळं.

"समुद्र कुठंय बे सोलापुरात?"
चाटी गल्लीत दुकानदार हसतो.
"पाचव्या दिवशी नळ येतोय
आन तुम्ही बोटीला पैसे मागायलाव!"
हसत हसतच एकवीस रुपये काढतो.
पावती नको म्हणतो.
पावती घ्याच, मी म्हणतो,
मागच्या बाजूला आमचा फोन नंबर छापलाय.

राजेश्वरी म्याकलनं रात्री जागून
दीडशे पाकिटं शेंगाचटणी कुटली.
एका चादरीची सोडत ठेवली, तिकीट दहा रुपये.
चादर निघाली दस्तगीर नदाफच्याच नावावर.
लोक कुजबुजले. त्यानं काही ऐकलं नाही,
चादर घडी करून बोटीत ठेवली.
कुणालातरी गुंडाळायला लागतेच, म्हणाला.
जिवंत असला तरी लागते.

इंजिन मालवणहून आणलं, तिसऱ्या हाताचं.
विकणारा म्हणाला, ह्याला खाऱ्या पाण्याची सवय,
गोड्यात थोडं रुसेल.
रुसतं.
गुरुशांत हत्तुरे पंखे-मोटारी दुरुस्त करतो,
तो इंजिनाशी कानडीत बोलतो,
मग चालतं.

गेल्या साली एकाला वेळेत ओढून घेतलं.
काठावर पाणी ओकला, डोळे उघडले,
आणि पहिलं वाक्य, "माझा मोबाईल?"
दुसऱ्या दिवशी परत आला, तो शोधून द्या म्हणून.
सिद्राम भोई खरंच दोन बुड्या मारून आला.

वहीत मी आणखी दोन रकाने आखलेत.
एक 'वाचवले'. एक 'काढले'.
दुसरा लांब आहे.
त्यात नाव लिहायचं नाही असं आमचं ठरलंय,
फक्त तारीख, आणि किती वेळ लागला.
सिद्राम गळ टाकत नाही सुरुवातीला.
आधी नुसता बसून पाणी बघतो.
काठावरचे नातेवाईक ओरडतात,
बसलाय काय!
तो बसतो.

एका मुलाला सव्वीस तास लागले.
तेराव्यानंतर त्याचे वडील आले,
सायकल बाभळीला टेकवली,
खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या.
"किती झालं?"
काही नाही हो, म्हणालो, ह्याचं बिल नसतं.
ते उभेच राहिले.
हातातल्या नोटांचं काय करावं कळेना त्यांना.
मग टेबलावरच्या चटणीकडे बोट केलं.
दोन पाकिटं.
जमा, चाळीस रुपये.
पावतीवर कुणाचं नाव घालू, विचारलं नाही.

मे महिन्यात तळं इतकं मागं सरतं
की बोट चिखलाच्या पापुद्र्यावर बसून राहते.
पण इंजिन फिरवलं नाही तर जाम होतं.
मग वस्तीत एक पिंप ठेवायचं,
इंजिन उभं करून पंखा त्यात बुडवायचा,
दोरी ओढायची.
पिंप भरायला पाणी कुठलं?

काल टँकर येऊन गेला होता.
रांगेतल्या बायकांनी विचारलं, कशाला हे?
दस्तगीरनं सांगितलं.
एक म्हातारी काही बोलली नाही,
कमरेवरची घागर तिनं पिंपात रिती केली.
मागची म्हणाली, माझी अर्धीच हाय,
आणि ओतली.
गुरुशांतनं दोरी ओढली.
दुसऱ्यांदा ओढली.
चौथ्या वेळी फुर्रर्र झालं,
सगळ्यांच्या लुगड्यांवर तेलकट पाणी उडालं,
शिव्या पडल्या, पोरं नाचली.

रात्री वही उघडली.
डाव्या पानावर लिहिलं,
पाणी, साडेदहा घागरी.
रकमेचा रकाना कोरा ठेवलाय.